तिसरा सूर वाजवायचा नाही

कुणीतरी फितवलं त्याला. कोणी, ते मला नका विचारू – नाव माहीत असतं तर मी इथे तुमच्या तंबूत खिम्याची चिली खात बसले असते का, सरळ त्याच्या दारात जाऊन उभी राहिले असते. पण फितवलं, एवढं नक्की. तुमच्या या ऑर्डवेचा कुणीतरी, हिरव्या टोपीतला, गोड बोलणारा. नाहीतर ज्याच्या पाळण्यावर किरमिजी पताका बांधलेली होती, जो बोलायला लागायच्या आधी आमच्या लार्कमोर कॉलेजची आरोळी ठोकायला शिकला, तो पोरगा उठून शत्रूचा सदरा अंगावर चढवेल? आपण होऊन? आपण होऊन कुणी जात नाही, मॅम. – हो, भाऊच. सख्खा, धाकटा. तुमच्या फुटबॉल संघाचा किकर. क्लेटन नोवोटनी. आता बघा, तुमच्या चेहऱ्यावर लगेच हसू आलं. या मैदानाबाहेर मोटारी लावून चुली पेटवलेल्या प्रत्येक माणसाला त्याचं नाव घेतलं की असंच हसू येतं, सकाळपासून बघतेय मी. आमचं हसू होतं ते. गेल्या वर्षापर्यंत आमचं होतं.

चिली चांगली आहे. तिखट आहे, पण चांगली आहे. फक्त ही खुर्ची हलते हो – मुद्दाम? एक पाय कापलाय? धन्य आहे तुमची. नाही, मी रागावले नाही, आमच्याकडेही असते अशी एक खुर्ची, तुमच्या हिरव्या रंगात रंगवलेली. शत्रूचा माणूस दिसला की हाक मारायची, तिच्यावर बसवायचं, खायला घालायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याने टोमणे मारायचे. आमच्याकडे खायला जरा कमी देतात, तेवढाच फरक. तुमचे यजमान मघाशी सॉसेज उलटता उलटता काय म्हणाले, ऐकलंत ना? "बस पोरी, लार्कमोरवाल्यांना डुगडुगायची सवय असते." म्हणू देत. संध्याकाळी कोण डुगडुगतंय ते दिसेलच. खरं सांगू, तुम्ही हाक मारली नसती तर मी परत बसपाशी गेले असते. हा किरमिजी कोट घालून त्या टोकापासून या टोकापर्यंत चालत आले मी, तर एक भलामोठा बाप्या, कडेवर लेकरू, माझ्या तोंडाशी येऊन भुंकला. तुमचं चिन्ह शिकारी कुत्रा आहे, ठाऊक आहे मला. पण लेकराला कडेवर घेऊन? आणि ते लेकरूही भुंकलं. इतकंसं. मला हसूच आलं असतं, एरवी.

पण आज मी हसायला आलेली नाही. आमच्या बाकी सगळ्यांना आज जिंकायचंय. वर्षाचा शेवटचा सामना, थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार – बाकीचे सगळे सामने हरलो तरी चालतील, हा एक हवा, हे तुम्हाला मी काय सांगायचं. पण मला नुसतं जिंकायचं नाहीये. मला त्याची किक चुकायला हवी. आणि ती का चुकली, हे जगात त्याला एकट्याला कळायला हवं. त्याला आणि मला.

निर्दय? असेन. तुम्ही आमच्या बाबांना बघायला हवं होतं. बाबांचं केस कापायचं दुकान आहे, गावाच्या चौकात. छतापासून जमिनीपर्यंत किरमिजी. आरशाच्या वर क्लेटनचा फोटो, पाय हवेत, चेंडू फोटोच्या चौकटीबाहेर गेलेला. बाबांना कसं कळलं माहितीय? मुलाने सांगितलं नाही. खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाने सांगितलं. गळ्याभोवती चादर, अर्धे केस कापलेले, त्याने चादरीखालून फोन काढला आणि म्हणाला, "हा तुझाच ना रे?" फोनमध्ये क्लेटन, हिरव्या सदऱ्यात, हसतोय. बाबांनी त्याचे उरलेले केस कापले, मान कोरली, पावडर लावली, चादर झटकली. मग मागच्या खोलीत गेले आणि बराच वेळ नळ चालू ठेवला. फोटो अजून आहे. काढत नाहीत. आता गिऱ्हाईक आरशात बघतं, नजर वर जाते, मग पटकन खाली येते, आणि हवापाण्याच्या गप्पा सुरू होतात. पूर्वी खेळाडू दुसऱ्या कॉलेजात गेला तर त्याला वर्षभर सामन्यांबाहेर बसावं लागायचं. वर्षभरात माणसाला लाज तरी वाटायची. आता वसंतात गेला, शरदात खेळला. मला सांगा, उद्या सगळेच जिथे बरं वाटेल तिथे जायला लागले तर मग राहायचं कुणी? निष्ठा म्हणजे बरं वाटेल तोवरच का? मी चार वर्षं याच गोष्टीवर भांडले लोकांशी, वर्गात, खाणावळीत, भिंतींवर कागद चिकटवून. आणि माझ्याच घरातून–

हो. गेल्या वर्षीची शेवटची किक. तीच. तुम्हाला आठवणारच. आमच्याच मैदानात, तुमच्याविरुद्ध, घड्याळ संपत आलेलं, आणि चेंडू खांबाला लागून बाहेर. किकरचं काय असतं – सगळा सामना बाकावर बसायचं, बाकीचे हाडं मोडून घेणार, आणि शेवटी याला उठवून सांगायचं, जा, त्या दोन खांबांमधून मार. मारला तर खांद्यावर. चुकला तर... चुकला. त्यानंतर आमच्या पोरांनी जरा जास्त केलं, हे मी कबूल करते. दुकानाच्या काचेवर अंडी फेकली. त्याच्या फोनवर जे यायचं ते मी तुमच्यासमोर बोलणार नाही, तुम्ही वयाने मोठ्या आहात. वर्गात जाऊन बसला की आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या व्हायच्या. आईच्या थडग्यावर कुणीतरी हवा गेलेला चेंडू ठेवून गेलं. कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्या विद्यार्थ्यांच्या स्टँडचा म्होरक्या आहे ना, ग्रेडी – तो शपथेवर म्हणतो, आमच्यातलं कुणी नव्हतं. मी मानते त्याचं. मानायलाच हवं ना, आपल्या माणसांचं नाही मानायचं तर कुणाचं? पण म्हणून सोडून जायचं? मी नाही गेले. मलाही त्याच वर्गांत बसायचं होतं. त्याच्या बाजूची खुर्ची– नाही, माझे तास वेगळे असायचे. ते जाऊ द्या. मुद्दा तो नाहीये.

मुद्दा आईच्या शीळ घालण्याचा आहे. घ्या, तुम्हाला सांगते, आता सांगितल्याने काही बिघडत नाही. स्टँडमधली पोरं सामन्याच्या आधी समोरच्या खेळाडूंची माहिती काढतात, हे तुमच्याकडेही होतं. कुणाची मैत्रीण सोडून गेली, कुणाच्या काकाला तुरुंगवास झाला, कोण गणितात नापास – ते सगळं मग चालीवर ओरडायचं. तर या वेळी ग्रेडी माझ्याकडे आला. म्हणाला, तुझ्या भावाचं काही असेल तर दे. मी म्हटलं, ओरडून त्याचं काही होणार नाही. त्याने गेल्या वर्षात सगळं ऐकून घेतलंय, त्याचे कान मेलेत. त्याला ओरडा नको. त्याला आईची शीळ हवी.

लहानपणी मागच्या अंगणात आम्ही खेळायचो. मी चेंडू जमिनीवर उभा धरायची, बोटाने, आणि तो मारायचा. हजार वेळा. माझं हे बोट बघा, वाकडंच आहे अजून. अंधार पडायला लागला की आई मागच्या दारातून शीळ घालायची, जेवायला या म्हणून. दोन सूर खाली आणि तिसरा वर, लांब. पहिले दोन ऐकू आले की क्लेटन म्हणायचा, "शेवटची, जोसी, ही शेवटची," आणि तिसऱ्या सुराबरोबर पाय मारायचा. ती कधी चुकायची नाही. बाकीच्या चुकायच्या, ती नाही. आई गेल्यावर, आठवडाभराने असेल, तो मला म्हणाला – मोटारीत बसलो होतो, कुठेच जायचं नव्हतं – म्हणाला, मी अजून ती ऐकूनच मारतो. मागे पावलं मोजतो, थांबतो, डोक्यात दोन सूर वाजतात, तिसऱ्याला पाय निघतो. कोचलासुद्धा सांगितलं नाहीये. तूही सांगू नकोस.

तर आज तुमचा गडी किक मारायला आमच्या बाजूच्या खांबांसमोर उभा राहील, तेव्हा आमचा स्टँड गप्प बसेल. एकदम गप्प. आधी तुम्हाला वाटेल, बरे दमले हे. मग चारशे जण दोन सूर वाजवतील. आणि थांबतील. तिसरा वाजवायचाच नाही. तो वाट बघेल, मॅम. मी ओळखते त्याला. पाय जमिनीत रुतल्यासारखा उभा राहील आणि वाट बघेल, आणि समोरून त्याच्यावर आमचे धिप्पाड गडी धावून येत असतील.

गंमत सांगू? काल आमच्या बसमध्ये शिकवलं मी सगळ्यांना, त्यांनी आज सकाळी बाकीच्या बसवाल्यांना. सीटवर उभी राहून. आई गेल्यापासून मी स्वतः वाजवली नव्हती, मला वाटलं ओठच जुळणार नाहीत. जुळले. पण पोरांना दोनवर थांबताच येईना. तिसरा सूर आपोआप लागतो हो, दोन वाजले की तोंड तिसऱ्याकडे जातंच. निम्मी बस पुढे वाजवायची आणि हसायची. ग्रेडीने दम दिला – तिसरा वाजवेल तो उतरेल. मग जमलं. शेवटी शेवटी इतकं छान जमलं, दोन सूर आणि मग नुसता इंजिनाचा आवाज. मी खिडकीबाहेर बघत बसले. झोप लागली नाही, ते बसमुळे. बसमध्ये मला लागत नाही.

तुम्ही काही खात नाही आहात. हे घ्या ना – हो, घरचेच, कोलाचे म्हणतो आम्ही. गोड पाव, मधे जर्दाळू. आमच्या आजीच्या आईने बोहेमियाहून आणलेली रीत, बाबा अजून तिच्याच मापाने करतात. काल पहाटे उठून केलेत. घ्या, लाजू नका, डबा भरलेला आहे. क्लेटनसाठीच दिले होते. त्याला जर्दाळूचे आवडतात, खसखशीचे नाही. बाबा म्हणाले, त्याला भेटशील तेव्हा दे. म्हटलं देते. – आता भेटणार कुठे, मॅम? त्याने तिकिटं ठेवलीत आमच्या नावाने, खेळाडूंच्या घरच्यांच्या जागेत, तुमच्या बाजूला. मागच्या रविवारी फोन आला होता. बाबा म्हणाले दुकान सोडता येत नाही. मग तो म्हणाला, जोसी, तू तरी ये, मला दिसशील अशी बस. दिसेन की. बरोब्बर समोर दिसेन, खांबांच्या मागे.

काय झालं? आवडला नाही? एक घास तरी... का परत ठेवलात? डब्याला झाकण कशाला लावताय, मी सगळ्यांना वाटणार होते. तुमच्या यजमानांना, त्या भुंकणाऱ्याला. नाही, तो डबा मला परत नकोय. मी कुठे घेऊन जाणार तो. – हे बघा, तुम्हाला जाऊन सांगायचं असेल तर सांगा. त्याच्या कोचला सांगा, त्याला सांगा. माझी काही हरकत नाही. माहीत असलेलं जास्तच ऐकू येतं. मला वाटलं होतं तुम्ही तरी... तुमचं काय जातंय? तुमची आई नव्हती ती. तुम्ही इथे पिढ्यान्‌पिढ्या चुली पेटवता, शत्रूला हलत्या खुर्चीत बसवता, वर्षभर आमच्या नावाने बोटं मोडता, आणि एक माणूस खरोखर सूड घ्यायला आला की तोंड फिरवता. सूड म्हणजे तुमच्याकडे नुसतं भुंकणं आहे. लेकराला कडेवर घेऊन भुंकणं. मी तसली नाही. मी जे बोलते ते–

कुठे निघालात? चिली करपत नाहीये, तुमचे यजमान आहेत तिथे. मॅम. अहो, मी मघाशी सांगितलं ना, कुणीतरी फितवलं त्याला म्हणून. त्यानेच केलं असतं तर मी... कुणीतरी फितवलंच असणार. मी विचारलं नाही त्याला. विचारायचं काय त्यात. विचारलं आणि तो म्हणाला असता की कुणीही नाही, मग? मग मी कोणाला...

हो, ग्रेडी, इथे. येते. थांब जरा. – नाही, काही नाही, धूर गेला डोळ्यांत. ग्रेडी, ऐक ना, मी काय म्हणते, आपण नेहमीचंच ओरडलो तर, गणिताचं वगैरे, किंवा मी मागे कुठेतरी–

"मागे? वेडी आहेस का? गेट उघडलंय, तुला पहिल्या रांगेत मधोमध जागा धरलीय. तुझ्यासारखी हुबेहूब शीळ कुणालाच येत नाही."