उद्या नऊला बाप्तिस्मा

सासू: किती वेळ एकाच जागी इस्त्री फिरवतेयस? ठेव ती खाली. मला काहीतरी सांगायचंय.

सून: बोला ना, आई. उद्या नऊला चर्चमध्ये पोचायचंय, तेवढं हे झबलं करून घेते.

सासू: उद्याचा बाप्तिस्मा होणार नाही.

सून: का? फादर आजारी आहेत?

सासू: फादर ठणठणीत आहेत. बाप्तिस्मा झालाय. मीच दिला. सोमवारी बाळ तापलं आणि तू औषध आणायला गेलीस ना, तेव्हा. स्वयंपाकघरात, नळापाशी. तीनदा पाणी घातलं डोक्यावर, पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावाने. जीव जायची भीती असली की कुणीही देऊ शकतं, लहानपणी घोकून घेतलंय आमच्याकडून.

सून: साधा ताप होता हो.

सासू: तुझ्या थोरल्याचाही साधाच होता! मामा येऊ दे, पाहुणे येऊ देत करत थांबलो आणि पोर बाप्तिस्म्यावाचून तसंच गेलं. सोमवारी तेच आठवलं आणि मी नळ सोडला गं. आता फादर म्हणणार, एकदा झाला तो झाला, परत नाही. तुझ्या हातातला घास काढून घेतल्यासारखं केलं मी. बोल काहीतरी. चार शिव्या दे.

सून: राग येत नाहीये. थोरला गेल्याला चार वर्षं झाली, तेव्हापासून राग नाही, रडू नाही, काहीच येत नाही. आणि तुम्ही दिलात तो बाप्तिस्मा धरायचाच नाही.

सासू: का? शब्द चुकले माझे?

सून: शब्द बरोबर असतील. उशीर झाला तुम्हाला. तो जन्मला त्याच दिवशी मी दिला. नर्स दुपटं आणायला गेली, तेवढ्यात. पिण्याच्या ग्लासातलं पाणी होतं.

सासू: अगं बाई! चांगला धडधाकट होता की तो!

सून: होता. माझा हात आपोआपच ग्लासाकडे गेला.

सासू: आणि महिनाभर तोंडातून चकार शब्द नाही? केक सांगून झाला, बाळाला हातात घ्यायला धर्ममाता ठरली...

सून: तुम्ही तरी कुठे बोललात?

सासू: घ्या! मग आता उद्या?

सून: सकाळी लवकर जाऊन दोघी सांगू फादरना. तेल लावतील, मेणबत्ती देतील. पाणी तेवढं घालणार नाहीत.

सासू: याला दोनदा पाणी. आणि थोरल्याला एकदाही नाही.

(सून पुन्हा इस्त्री उचलते.)

सासू: पुरे गं. जळेल ते झबलं.

सून: थोरल्यासाठी शिवलं होतं, आई. तेव्हापासून घडी घालूनच होतं. ही घडी काही जात नाहीये.