तारापूरचं स्थळ

नाशिक रोडहून शालिमारला जाणारी बस सुटली. दहावीतल्या मृण्मयीने विज्ञानाचं पुस्तक उघडलं होतं, पण तिचे कान पुढच्या सीटवरच्या दोघी बहिणींकडेच लागले होते.

"शकू, तारापूरच्या अणुभट्टीतला जावई केलास! पोखरणला काय झालं ते पेपरात वाचलंस ना?"

"आक्का, तो बॉम्ब होता. इथं वीज करतात."

"माल तोच ना?"

"बॉम्बला एकदम कडक माल लागतो. भट्टीतला लय पातळ असतो, जावई सांगत होते."

"म्हणजे फुटतच नाही?"

"बिघडली तर फुटेल की, कुकरसारखी. वाफेनं झाकण उडेल, विषारी वरण गावभर होईल. ते वाईटच. पण बॉम्ब नाही व्हायचा."

"चार दिवसांत लय शिकलीस गं!"

"तूही शिकली असतीस. स्थळ आधी तुझ्या पल्लवीलाच आलं होतं."

"बॉम्बच्या तोंडी द्यायची होती का पोर? ...क्वार्टर किती खोल्यांचं?"

"तीन. अन् समुद्र जवळ."

आक्का गर्रकन मागे वळल्या. "ए पोरी, पुस्तक आहे ना हातात? सांग हिला, अणुभट्टीचा बॉम्ब होतो का नाही?"

मृण्मयीला हेच तर हवं होतं! "नाही होत, मावशी," ती ऐटीत म्हणाली.

"थोडासुद्धा नाही?"

"थोडासुद्धा नाही."

"जुनं असेल तुझं पुस्तक."

शालिमार आलं तशा आक्का पिशवी सावरत उठल्या.

"शकू, पल्लवीपुढे हे तीन खोल्यांचं अन् समुद्राचं काढू नकोस हं."