आभाळ पडायची वाट

लातूर नवा जिल्हा झाला, त्या सालच्या दुष्काळातलं सांगते. विहिरीतला गाळ काढला तरच म्हशीला पाणी मिळणार होतं, आणि आमचे मालक बाजेवर पडून. का, तर रविवारी आमच्या ख्रिस्ती देवळात ऐकलं की न्यायाच्या दिवशी तारे गळतील, आभाळ गुंडाळलं जाईल.

"आता गाळ काढून काय करायचं?"

मी देवळात उपदेश करणाऱ्या पाळकसाहेबांनाच बोलावून आणलं. ते म्हणाले, "अहो, राज्य बुडायचं असलं की बायबलातले संदेष्टे असंच बोलतात. ती बोलायची रीत हाय."

मी म्हणलं, "माझा भाऊ गेला तवा मी म्हणलं, आभाळ कोसळलं. तुम्ही काय शिडी घेऊन बघायला गेलता?"

मालकांनी जरा इचार केला. "मग न ऐकणारे भुसासारखे जळतील असंबी देवळात ऐकलं, तीबी रीतच का?"

मी चुलीतलं जळतं लाकूड उचललं. "न्हाई. तेवढं खरं हाय."

मालक खोरं शोधायला लागले.