रानफेरीचं शेपूट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय डॉक्टरसाहेब, व्यासपीठावर विराजमान असलेले रानाचे अधिकारीसाहेब, माझ्याविषयी आत्ता इतकं गोड बोलून ज्यांनी माझी पंचाईत केली त्या आपल्या रविवार रानफेरी मंडळाच्या चिटणीसबाई, पक्ष्यांची नावं आमच्याकडून घोटून घेणारे प्राध्यापकसाहेब, समोर बसलेले माझे रानातले सोबती, केव्हा एकदा चहा मिळतो याची वाट पाहणारी त्यांची कुटुंबं, आणि पहिल्या रांगेत दर दोन वाक्यांनी घड्याळाकडे बघणारी माझी भाची, आपणा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

नमनालाच घडाभर तेल घालत नाही. माझा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला. कानाला यंत्र लावून, कोण कुणाशी बोलायचं म्हणतोय ते ऐकायचं, तार जोडून द्यायची आणि आपण बाजूला व्हायचं. त्यामुळे दुसऱ्यांची बोलणी मी पुष्कळ जुळवली, स्वतः बोलायची सवय काही लागली नाही. आज तुम्ही माझ्यासमोर माइक ठेवलाय, परिणामांना मंडळ जबाबदार राहील.

आधी भेटवस्तूबद्दल बोलते. मंडळाने मला ही सुंदर दुर्बीण दिली. हातात घेतली आणि मला हसूच आलं. इथे जे पाहुणे आलेत त्यांना कारण सांगायला हवं. आमच्या रानफेरीत सर्वांत पुढे चालतात ते प्राध्यापकसाहेब. सर्वांत मागे चालते ती मी, त्याला मंडळात म्हणतात शेपूट. गावाच्या कडेचं आपलं हे राखीव रान काही फार मोठं नाही, पण गवत माणसाच्या डोक्याच्या वर जातं, आणि तळ्याच्या अलीकडे तीन वाटा फुटतात. तिथे मागे पडलेला माणूस हमखास चुकतो. म्हणून शेपटाने सगळ्यांच्या मागे राहायचं, त्याच्या मागे कुणी उरता कामा नये. आता मला सांगा, पुढच्यांना पक्षी दिसला, त्यांनी बोट दाखवलं, मधल्यांनी "कुठे, कुठे?" केलं, की शेपूट तिथे पोचेपर्यंत काय शिल्लक राहणार? इतक्या वर्षांत मी पक्षी कमी आणि हलणाऱ्या फांद्या जास्त पाहिल्या. त्या बाबतीत माझा अभ्यास दांडगा आहे. कुठल्या पक्ष्याने उडताना फांदी कशी हलवली ते मी सांगू शकते, पक्षी कसा दिसतो ते प्राध्यापकसाहेबांना विचारा.

असो. थट्टा पुरे, कारण मला आज एका गोष्टीवर भांडायचंय.

चिटणीसबाईंनी ठराव वाचून दाखवला. माझ्या सन्मानार्थ मंडळाने शेपटाची जागा यापुढे कायमची रिकामी ठेवायचं ठरवलंय. सूचना प्राध्यापकसाहेबांची, आणि एकमताने मंजूर. तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र वाजवल्या नाहीत. अहो, एखाद्या डॉक्टरांचा सत्कार करायचा म्हणून त्यांचा दवाखाना कुणी कायमचा बंद करतं का? तुमचं प्रेम मला समजतं. तुमच्या मनात एवढंच होतं की हिच्या जागी दुसरं कुणी नको. पण मला ती जागा रिकामी नकोय. का नकोय, ते सांगण्यापुरता वेळ द्या, मग चहा.

एक्स्चेंज बंद झालं तेव्हा मला घरी बसावं लागलं. घर म्हणजे दोन खोल्या आणि एक टेलिफोन. लग्न केलं नाही, भावंडांची केली. आईवडील गेले, बहीण गेली, भाऊ बायकोमुलांना घेऊन दूर गेला. दिवसभर शेकडो माणसांचे आवाज कानात घेणाऱ्या बाईच्या घरात तो टेलिफोन वाजेना. कधीकधी मी रिसीव्हर उचलून नुसतं बघायची, चालू आहे ना? चालू असायचा. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. भाजीवाल्याकडे गेले की उगीच भाव विचारत राहायची, घ्यायचं काहीच नसायचं, तेवढंच कुणीतरी बोलायचं. एकटेपणा वाईट हो. त्याची लाज वाटते, हे तर जास्तच वाईट.

अशात मंडळाची पाटी वाचली, 'रविवारी या, रान चाला, घाणेरी उपटा'. गेले. पायात ऑफिसच्या चपला, हातात पर्स. पहिल्या चढावरच धाप लागली. सगळे पुढे गेले, आवाज लांब गेले, गवतात मी एकटी. मनात म्हटलं, बाई, इथेही तेच. परत फिरावं आणि पुन्हा येऊ नये. आणि मागे पाहते तर एक म्हातारा माणूस वाकून बुटाची नाडी बांधतोय. ते होते आपले शिंपीकाका. नव्या मंडळींनी त्यांना पाहिलेलं नाही. तेव्हाचे शेपूट ते.

मी थांबले की त्यांची नाडी सुटायची. मी निघाले की बांधून व्हायची. त्या दिवशी ती नाडी इतक्यांदा सुटली की मलाच त्यांची काळजी वाटायला लागली. शेवटी मी म्हटलं, "काका, नवीन नाड्या घ्या हो, या अगदीच कामातून गेल्यात." ते म्हणाले, "बघू. पुढच्या रविवारी आठवण करा." म्हणजे पुढच्या रविवारी येणं आलं. असा माणूस!

मग मी येत राहिले, त्यांच्या जोडीने मागेच चालत राहिले. तुम्ही म्हणाल, रानात जाऊन तुम्ही दोघांनी केलं काय? तर घाणेरीचं तण उपटलं. तळ्यातल्या पिशव्या आणि बाटल्या काढल्या. ओढ्यावरच्या लाकडी पुलाच्या फळ्या बदलताना काका फळ्या धरायचे आणि मी खिळे द्यायची. पण मुख्य काम मागे राहणाऱ्यांना सोबत करायचं. रविवारी रानात कोण येतं हे पुढे चालणाऱ्यांना कळत नाही, कारण त्यांचं लक्ष झाडावर. मागून कळतं. कुणी नुकताच निवृत्त झालेला असतो, कुणाचं माणूस गेलेलं असतं, कुणी नव्या गावात बदली होऊन आलेलं असतं आणि आठवडाभर ऑफिसबाहेर तोंड उघडलेलं नसतं. अशी माणसं हळू चालतात. पाय धडधाकट असतात तरी हळू चालतात.

काकांनी मला दोनच गोष्टी शिकवल्या. मागे पडलेल्याला "चला, चला" म्हणायचं नाही. आणि का मागे पडलात, हे विचारायचं नाही. विचारलं की तो ओशाळतो आणि पुढच्या वेळी येत नाही. म्हणून नाडी.

एका रविवारी काका आले नाहीत. आणि गंमत बघा, गंमत कसली, पण फेरी पूर्ण होऊन सगळे फाटकाशी येईपर्यंत कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही. मी तुम्हाला दोष देत नाही. पुढचा माणूस आला नाही तर फेरी निघतच नाही. शेवटचा आला नाही हे कळायला फेरी संपावी लागते.

मी त्यांच्या दुकानावर गेले, दुकान बंद. शेजारच्या चांभाराने सांगितलं, दवाखान्यात नेलंय. तिथे खाटेखाली त्यांचे बूट होते. आपण बसल्या बसल्या काहीतरी करतो ना, तसे मी ते उचलून नीट ठेवायला गेले, तर नाड्यांना दुहेरी गाठी, वर सुईदोऱ्याने टाका घातलेला. शिंप्याचं काम, सुटण्याची बातच नाही. मी म्हटलं, "काका, हे काय? मग दर रविवारी काय बांधत होतात?"

ते म्हणाले, "अहो, सुटती नाडी घेऊन म्हाताऱ्याने रानात हिंडायचं म्हणजे तोंडावर आपटायचं की! काही बांधत नव्हतो. तुम्हाला दम लागला होता, नुसतं उभं राहिलो असतो तर तुम्ही ओशाळला असता."

मी खूप रडले. माझ्यासाठी म्हणून कुणीतरी थांबलं होतं, आणि ते मला कळूसुद्धा दिलं नव्हतं. काका त्या आजारातून उठले नाहीत. जायच्या आधी बूट माझ्या हवाली करून म्हणाले, "तुमच्या पायाला व्हायचे नाहीत. नाड्या तेवढ्या घ्या." पुढच्या रविवारपासून शेपूट मी.

आता प्राध्यापकसाहेब म्हणतात, सगळ्यांकडे मोबाईल आहेत, कोण कुठे आहे ते पडद्यावर ठिपक्यासारखं दिसतं, मग शेपूट कशाला? साहेब, तुमचं पक्ष्यांचं ज्ञान अफाट आहे, त्यात माझी बोलायची प्राज्ञा नाही. पण तारा आणि यंत्रं हा माझा विषय. तार जोडलेली असते, घंटाही वाजत असते, आणि पलीकडे उचलायला कुणी नसतं, हे मी जन्मभर ऐकलंय. ठिपका दिसेल हो. ठिपक्याला दम लागलाय हे कसं दिसणार?

साहेब, रागावू नका. तुमचं एक गुपित मी आता फोडणार आहे.

गेल्या रविवारी माझी शेवटची फेरी होती. डॉक्टरसाहेबांनी गुडघ्याचा निकाल दिलाय, आणि भाचीने मला तिच्या शहरात, सातव्या मजल्यावर न्यायचं ठरवलंय. लिफ्ट आहे, सगळं आहे. मुलगी गुणाची आहे, तिला बोल नाही. पण सकाळी सगळे कामाला गेले की त्या घरात मी आणि भिंती, हे मलाही ठाऊक आहे आणि तिलाही. अगं, घड्याळ नको बघूस, तुझं कौतुकच करतेय.

तर लाकडी पुलाशी माझा गुडघा अडला. मी कठड्याला धरून बसले. तुम्ही सगळे वळणापलीकडे गेलात. आधी बोलणं ऐकू येत होतं, मग हसणं, मग तेही नाही. मी सवयीने मागे पाहिलं. मागे रिकामी वाट. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मनात आलं, शेपटाच्या मागे कोण? कुणीच नाही. खरं सांगते, फार एकटं वाटलं. पहिल्या दिवशी त्या गवतात वाटलं होतं, तसंच. म्हटलं, आपण सगळ्यांना पोचवलं आणि आपण इथेच.

तेवढ्यात खाकरल्याचा आवाज आला. पाहते तर पुलाच्या त्या टोकाला आपले प्राध्यापकसाहेब! "चला, पक्षी कुणासाठी थांबत नाहीत" म्हणून आजवर आम्हाला पळवणारे प्राध्यापकसाहेब, सगळा जथा पुढे धाडून एकटे परत आलेले. माझ्याकडे बघितलं नाही. खाली वाकले आणि बुटाशी काहीतरी खुडबुड करायला लागले. बराच वेळ करत होते. आता साहेबांचे बूट तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत. त्यांना नाड्याच नाहीत! पट्टी दाबली की चिकटते, तसले बूट आहेत ते.

मी म्हटलं, "सर, पक्षी?"

ते खाली मान घालूनच म्हणाले, "येतील परत."

हे त्यांना कुणी शिकवलं, मला माहीत नाही. मी कधी कुणाला बोलले नव्हते. कदाचित पुढे चालताना ते मागे बघत असतील, आणि मला वाटत होतं त्यांचं लक्ष फक्त झाडांवर. का थांबलात, असं मी विचारलं नाही. ते विचारायचं नसतं.

तेव्हा अध्यक्षमहाराज, माझी विनंती आहे की ठराव मागे घ्यावा. जागा रिकामी नाहीच, गेल्या रविवारी भरली गेली. फेरीच्या पुढे चालायला, नावं सांगायला आता तयार माणसं पुष्कळ आहेत, साहेबांनीच तयार केलीत. आज मी सपाता घालून आलेय, कारण माझ्या बुटांतून काकांच्या या नाड्या काढून आणल्यात. साहेब, या ना इकडे. घ्या. बूट तेवढे तुम्हाला नवे घ्यावे लागतील. आणि ही दुर्बीण मी आनंदाने ठेवून घेते. सातव्या मजल्यावर पक्षी म्हणे खिडकीसमोरूनच जातात. हलणाऱ्या फांद्या मात्र तिथे नसतील, त्यांची आठवण येईल.

अधिकारीसाहेब, तुम्ही रानाची फाटकं आमच्यासाठी उघडी ठेवलीत. चिटणीसबाई, तुम्ही माझ्यासारखीला या व्यासपीठावर बसवलंत. सोबत्यांनो, तुम्ही हळू चाललात म्हणून मला काम मिळालं आणि रविवार मिळाला. या सगळ्याचं ऋण माझ्यावर आहे. भाषणाची सवय नाही, कुणाचा उल्लेख राहिला असेल, थट्टेत कुणाला लागलं असेल, तर आजवर मी तुम्हाला सांभाळून घेतलं, तसं आज तुम्ही मला घ्या.

एक शेवटचं मागणं. गाडी बाहेर उभी आहे, तेव्हा आज या दारातून पहिली मी निघणार आहे. तुम्ही सगळे माझ्या मागे. मला वळून बघायची खोड आहे, आणि मागे मला कायम मोकळी वाटच दिसत आलीय. चहा गार होईल, कळतंय मला. पण मी वळेन तेव्हा, जरा दारात उभे राहाल?