दुसरा खड्डा

रामराव : वेल्डिंग एक, ग्राइंडर एक, ड्रिल एक. हे तीन चालू हायेत. आता रंधा मशीन येते अन् एक कंप्रेसर. लिहिलं?

कय्युम : लिहिलं. मंजूर किती हाय तुमच्याकडे?

रामराव : मंजुरी कोणाची?

कय्युम : बिजलीची, रामरावभाऊ. बिलावर लिहेल राह्यते, मंजूर भार.

रामराव : एक किलोवॅट. घर बांधलं तवाचा. तवा दोन बल्ब अन् एक पंखा होता. त्याच्यातच मी टिनाखाली पूर्ण वर्कशॉप चालवून राह्यलो, हे बी लिहा. गावातले सारे वखर-डवरे दुरुस्तीले माह्याकडे येतात. लोकं म्हणतात, होत नाही. तीस वर्षं मी शाळेच्या प्रयोगशाळेत होतो, कय्युमभाऊ. जे होत नाही तेच करून पोरांले दाखवत होतो.

कय्युम : प्रयोगशाळेत तुम्ही काय होते?

रामराव : परिचर. पण सर लोकं सुट्टीवर राहत.

कय्युम : बरं. आता सीधी बात सांगतो. हे पाचही मशीनी चालवाच्या असतील त थ्री फेज घ्या लागन. पाच किलोवॅट तरी. तांब्याची जाड तार, वर्कशॉपचा बोर्ड वेगळा, अन् झटका लागला का आपोआप पडणारा स्विच. पण सगळ्यात पहिले ऑफिसात अर्ज.

रामराव : अर्ज नको. अर्ज केला का लाइनमन येईन, लाइनमन आला का टिनाखाली पाहीन. तुम्हाले आर्णीवरून बोलावलं ते फक्त एका कामासाठी. दुसरा खड्डा मारून द्या.

कय्युम : अर्थिंगचा? एक असन त पुरे झाला.

रामराव : एकात एवढी ताकद येते, त दोनात दुप्पट येईन. साधं गणित हाय.

कय्युम : अर्थिंगमधून ताकद येत नाही, भाऊ. ते... एक मिनिट. मी येतानी तुमच्या खांबाकडे पाह्यलं. तिथून घरात दोन तारा याले पाह्यजे. तुमची एकच येऊन राह्यली. दुसरी टिनावर लोंबते.

रामराव : ते न्यूट्रल, करंट वापस जाची तार. मागच्या सालच्या वादळात तुटली.

कय्युम : अन् मशीन कशावर चालते मंग?

रामराव : आमचे जावई शामराव. उमरखेडले राह्यतात, लय डोक्याचा माणूस. ते म्हणे, मामा, करंट तारेनं येते अन् शेवटी जमिनीत जाते. जमीन त तुमचीच हाय, मंग जाच्यासाठी तार कायले पाह्यजे? न्हाणीच्या मांगं खड्डा मारला. तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, वरून एक पाइप. तवापासून मशीन एक दिवस बंद नाही. तात्पुरती व्यवस्था हाय, पण उत्तम हाय.

कय्युम : घरातले दिवे?

रामराव : सारं त्याच्यावरच. हे पाहा, चहा आला. ही आमच्या पोराची, पियुषची माय. खड्ड्याचं खातं हिच्याकडेच हाय.

विमलताई : घ्या, कय्युमभाऊ. गझालाभाभी बऱ्या हायेत ना?

कय्युम : अल्लाचा करम हाय, वैनी. हे खड्ड्याचं खातं काय हाय?

रामराव : पाण्याचं. खड्डा सुकला का मशीन बसते. मी आवाज देतो, ही बादलीभर पाणी टाकते, मशीन उठते.

विमलताई : आता आवाज देण्याचं बी काम नाही राह्यलं. ग्राइंडरचा सूर उतरला का मले चुलीजवळच समजते. भाकर तव्यावर राह्यली तरी पहिले पाणी टाकून येते.

कय्युम : पायात चप्पल राह्यते?

विमलताई : न्हाणीत कायची चप्पल, भाऊ.

कय्युम : काही होत नाही?

विमलताई : मुंग्या येतात पायाले. गुडघ्यापर्यंत. कधीकधी दातखिळी बसल्यावानी होते. आर्णीच्या डॉक्टरनं रक्त तपासलं, म्हणे साखर त नाही. ताकदीच्या गोळ्या देल्या. चार महिने झाले, खाऊन राह्यले.

रामराव : वयाचं हाय.

विमलताई : गांडुळं बी वर येतात तिथं, ढीगभर. पहिले कोंबड्या धावत जात खायाले. आता दाणे टाकले तरी त्या अंगाले फिरकत नाहीत.

कय्युम : कोंबड्यांचं वय काय हाय, भाऊ?

रामराव : तुम्ही मजाक नका करू. मी दूरचा विचार करून दुसरा खड्डा म्हणून राह्यलो. पुढच्या महिन्यात पियुषचं लग्न हाय. निशिगंधा घरात आली का एक खड्डा ती सांभाळीन, एक ही. काम वाटल्या गेलं का त्रास बी अर्धा. हिच्याच भल्याचं हाय.

विमलताई : मी निशिगंधाच्या मायले सांगतलं बी. म्हटलं, आमच्याकडे काम काही जास्त नाही, एक पाण्याचं तेवढं.

कय्युम : भाऊ, ग्राइंडर चालू करा. वखराची लोखंडी पास दाबून धरा त्याच्यावर. मी न्हाणीच्या मांगं जातो. चहा राहू द्या.

(ग्राइंडर सुरू होतो. पास दाबली जाते तसा त्याचा आवाज खाली खाली येत जातो.)

विमलताई : बसला. आली मी.

कय्युम : वैनी, तिथंच थांबा. बादली खाली ठेवा. पाऊल पुढं टाकू नका.

विमलताई : अवो, पण मशीन...

कय्युम : बसू द्या मशीन. भाऊ, तुम्ही दाबून ठेवा, सोडू नका. हे पाहा, वैनी. हा तुमचा पाइप. याच्यापासून दोन पावलं दूर मी हा खिळा ठोकला. या माह्या टेस्टिंगच्या बल्बची एक वायर पाइपाले, एक खिळ्याले. मधात नुसती माती हाय, दुसरं काही नाही.

विमलताई : पेटला.

कय्युम : पाणी टाकतानी तुम्ही कुठं उभ्या राह्यता?

विमलताई : तिथंच. पाइपाच्या अन् खिळ्याच्या मधी.

कय्युम : बस, भाऊ. बंद करा. मशीन बसते म्हंजे काय होते, तीस वर्षांत कोणी सांगतलं नसन, त मी सांगतो. करंटले सुक्या मातीतून वाट भेटत नाही. तो तिथंच खड्ड्यात दाटून राह्यते. अन् बरोबर त्याच टायमाले तुम्ही अनवाणी बाई तिथं धाडता, पाणी घेऊन.

रामराव : साल झालं. काही झालं का?

कय्युम : आर्णीच्या बाहेर एकाकडे अशीच व्यवस्था होती. तो बी मले म्हणे, दोन साल झाले, काही झालं का. त्याच्या घरी दुसऱ्या बार गेलो तवा अंगणात सतरंजी टाकेल होती अन् लोकं बसून होते.

रामराव : तुम्ही भेव दाखवून राह्यले. मी बी जातोच ना तिथं. पट्टी साफ कराले मीच जातो.

कय्युम : अनवाणी?

विमलताई : नाही. ते गमबूट घालून जातात. न्हाणीत आंघोळीले जाचं असलं तरी पहिले मशीन बंद करतात. मले वाटलं, इंचू-काट्याचं भेव असन.

कय्युम : गमबूट घाला म्हणून कोणी सांगतलं, भाऊ?

रामराव : जावयानं. खबरदारी म्हणून.

विमलताई : कधी सांगतलं?

रामराव : खड्डा मारला त्याच दिवशी.

विमलताई : मी शामरावांसाठी पोहे कराले आत गेलती, तवा?

रामराव : तवाच. मी तुले सांगणारच होतो. मंग पोहे आले, गोष्ट राहून गेली.

विमलताई : पोहे खाऊन झाल्यावर तुम्ही मले पहिली बादली टाकाले लावली.

कय्युम : भाऊ, मीटरजवळचे हे दोन्ही फ्यूजचे कटआउट मी काढले. सोबत नेऊन राह्यलो. अर्ज मी लिहितो, तुम्ही सही करा, उद्या मी सोता ऑफिसात जातो. तार जुळेपर्यंत घरात अंधार राहू द्या.

रामराव : सोमवारी आठ डवरे द्याचे हायेत. अन् कटआउट काय, गावच्या दुकानात भेटते.

कय्युम : भेटते. माहीत हाय मले.

रामराव : हे पाहा, मी काही दगडाच्या काळजाचा माणूस नाही. तुम्ही म्हणता त दुसरा खड्डा सध्या राहू द्या. उद्या सकाळी आर्णीले जातो अन् हिच्यासाठी बी गमबूट आणतो. एक जोडी सूनबाईसाठी बी आणून ठेवतो. झालं समाधान?

विमलताई : माह्या पायाचं माप काय सांगसान दुकानात?