गप्प गाडी आणि माझी सही

मी, आदेलिनो फ्राझाओ, वय वर्षे एकोणऐंशी, पोर्तुगालात चौथी उत्तीर्ण, या कारखान्याच्या चाचणी विभागात एकतीस वर्षे इंजिनांचा आवाज ऐकण्याच्या कामावर होतो. जे सांगेन ते खरे सांगेन. माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती डॉक्टर गुड्रुन हेख्लर बाई आणि सहकारी बंधुभगिनींनो,

बाईंच्या निवृत्तीनिमित्त चार गौरवाचे शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली. परंतु मला या बाईंचा पहिल्या दिवसापासून संशय होता, हे आधी नमूद करतो. गाडीत इंजिनाची घरघर येऊ नये म्हणून त्यांनी छतात मायक्रोफोन बसवले. ते घरघर टिपणार, स्पीकर तिच्या नेमका उलटा आवाज सोडणार आणि दोन्ही एकमेकांना गिळणार. ज्याचे पोट ऐकण्यावर, त्याने अशा बाईंवर विश्वास का ठेवावा?

पहिल्या गाडीची शेवटची चाचणी होती. बाई चालवत होत्या, मी शेजारी, मागे नोंदी घ्यायला ओइगेन राप. पन्नास किलोमीटर मी चकार शब्द काढला नाही. उतरताच त्यांनी गाडी मंजूर केल्याचा, स्वतः सही केलेला कागद पुढे केला.

"करा सही, मास्तर."

"गाडी पसंत आहे, असं मी कधी म्हणालो?"

"ओरडला नाहीत ना? मग झालं की कौतुक."

जर्मनीतल्या आपल्या या श्वाबियात तक्रार न करणे हीच शाबासकी. मी पडलो पोर्तुगीज. आमच्याकडे माणूस गप्प बसला, की काहीतरी बिनसलेले असते.

"ते यंत्र बंद करा आणि परत चला," मी म्हणालो.

"उद्या तीनशे गाड्या निघायच्यात, मास्तर. कानात मळ असेल तुमच्या."

"असेल तर काढतो. आधी बंद करा."

दुसऱ्याच वळणावर खालून जाड गुरगुर आली. इंजिनाचे बेअरिंग जात होते. बाईंनी गाडी कडेला घेतली, कागद मागितला आणि स्वतःच्या सहीवर आडवी रेघ मारली. वरिष्ठांना म्हणाल्या, "चूक माझी. मी ऐकलं नाही." या सभागृहातील किती डॉक्टर असे म्हणतील?

तरी संशय गेला, असे कोणी समजू नये. आज बाईंनी मला घरून आपल्या गाडीने आणले. बसताक्षणी मी छत चाचपले. इंजिन स्पष्ट घरघरत होते.

"यंत्र बिघडलं वाटतं?"

"त्या चाचणीपासून माझ्या गाडीत ते बंदच असतं, मास्तर."

आपण ऐकून घेतलेत, आभारी आहे. चौथी शिकलेल्या माणसाच्या तोंडून काही अधिकउणे गेले असल्यास पोटात घालावे. बाई, आजच्या घरघरीत मला दोष आढळला नाही. आता मी गप्प बसतो. त्याचा अर्थ तुम्ही श्वाबियाच्या रीतीने घ्यावा.

साक्षीदार: चाचणीला मागच्या आसनावरील ओइगेन राप; माझ्या गप्प बसण्याला हे सभागृह.