आबांचं पंधरा वॅटचं मशीन

हॅलो? … हॅलो, इंदापूर? सावळारामशेठ, मी विजयमाला, बारामतीहून… हो, कर्णेवाल्या आबांची थोरली. जोतीरामला बोलावता जरा? … दुकानातच आहे? द्या ना.

जोती, अरे तुझं पत्र मिळालं. आबांचं लाउडस्पीकरचं मशीन देऊ नकोस… ऐक तर! महिना झाला नाही त्यांना जाऊन… हो, हो, पंधरा वॅटचं देऊन तीसचं मिळतंय. वाचलं मी.

पण आवाज दुप्पट होईल, हे कुणी सांगितलं? … त्या पुण्याच्या माणसानं? अरे, वॅट दुप्पट झाले तर तीनच डेसिबल वाढतात. डे-सि-बल! आवाजाचं माप रे. तीन म्हणजे कानाला जरासा फरक. दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात, दीडशे! … पुस्तकातलं नाही. आबांनीच मला कागदावर मांडून दाखवलं होतं.

… नरसिंहपूरच्या जत्रेत लोक हसले? कर्णा कुठं बांधला होतास? … बैलगाडीवर! मग पुढच्यांच्या पागोट्यांनाच ऐकू जाणार. आबा झाडावर चढवायचे, आणि शेवटच्या रांगेत जाऊन उभे राहायचे. तू गेलास एकदा तरी? … मग मशीनला कशाला बोल लावतोस?

हॅलो? … नीट ऐकू येत नाही, मोठ्यानं बोल.

आईचं काय? …

रोज? … दिवेलागणीला? … स्वतः मशीनला बॅटरी जोडते? …

आणि माइक समोर ठेवून… नुसती घरघर ऐकत बसते. …

'आत्ता हे बोलतील' म्हणते? …

जेवतही नाही… अरे, मग हे का नाही लिहिलंस? … मला त्रास नको म्हणून तीस वॅटचं निमित्त. वेडा आहेस.

मशीन घरात आहे तोवर ती अशीच बसणार रे. …

नाही रे, रागावले नाही. तो माणूस कधी येतोय? … चारला. दे त्याला. … हो, मीच म्हणतेय, दे. नवंही घरात आणू नकोस इतक्यात. पण आईला फसवू नकोस, जोती. दुरुस्तीला नेलंय म्हणालास तर ती वाट बघत बसेल… मी येते ना. बाराच्या एसटीनं. त्याला दिवेलागण होईपर्यंत थांबव. आज बसू दे तिला, मी बसते शेजारी. मग बटण तिलाच बंद करू दे…

हो हो, पोस्टमास्तर, झाली तीन मिनिटं. ठेवते.